मणक्याची गादी आणि दुकानाची गादी

गेल्या वर्षी पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी माझा धाकटा भाऊ घोडनदीहून आमच्याकडे हिंजवडीला आला, तो मोटारीच्या मागच्या आसनावर आडवा पडूनच. कमरेला चार पट्ट्यांचा रुंद पट्टा, हातात एम.आर.आय.चा भला मोठा लिफाफा आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू आयुष्याचा हिशेब बंद करायलाच निघाला आहे. वय अवघे ५८. जूनमध्ये शाळांच्या गणवेशाचे कापड उतरवताना त्याच्या कमरेत कळ आली. अहवालात लिहून आले की चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगली आहे. घरात लगेच त्याचे भाषांतर झाले : ‘गादी सरकली.’ त्या दिवसापासून खाली बसणे बंद, वाकणे बंद, दुकान बंद. सहा आठवडे तो पाठीवर पडून राहिला होता.

आजोबांच्या वेळचे कापडाचे दुकान. ते उघडे राहावे म्हणून माझ्या पुतण्याने, ज्याची सी.ए.ची अंतिम परीक्षा नोव्हेंबरात होती, पुण्यातली खोली सोडली आणि तो गल्ल्यावर जाऊन बसला. आल्या रात्रीच भाऊ मला म्हणाला, ‘‘भाईजी, दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर दुकान भाड्याने देऊन टाकू. मोबाईलवाले मागे लागलेच आहेत.’’ मणक्याची गादी सरकली म्हणून दुकानाची गादी सुटणार, एवढा सरळ हा व्यवहार त्याच्या मनात ठरून गेला होता.

मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर आणि बँकेच्या कर्ज विभागात बहुतेक आयुष्य घालवलेला माणूस. पण त्या विभागाने एक सवय लावली. समोरचा कितीही कळकळीने बोलला, तरी ‘याला आधार काय, किती काळासाठी, आणि खर्च किती’ हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करायची नाही. माझा मुलगा इथल्याच एका संगणक कंपनीत आहे. तो म्हणाला, ‘‘पप्पा, कंबरदुखीवर जगभर शेकडो चाचण्या झाल्या आहेत. काकांना दहा जणांचे दहा सल्ले मिळण्यापेक्षा तुम्हीच त्या वाचा ना.’’ पर्युषणात वेळही होता. मी वाचत गेलो, आणि जे हाती लागले त्याने मी चकित झालो. कारण आमच्या घरात जे जे चालले होते, त्यातले बरेचसे या चाचण्यांत नापास झालेले होते.

आधी हिंजवडीविषयी दोन शब्द. मुळशी तालुक्यातले हे गाव एके काळी भातखाचरांचे. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि वाकडच्या पुलापासून माणपर्यंत माणसांचा पूर लोटला. सकाळी गच्चीतून पाहावे तर दुचाकी, मोटारी आणि कंपन्यांच्या बसगाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. तास-दीड तास तिथे बसायचे, मग कचेरीत आठ-दहा तास बसायचे, आणि पुन्हा परतीच्या वाटेवर बसायचे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिशीतली मुले कमरेला पट्टा लावून भेटतात. कोपऱ्या-कोपऱ्यावर फिजिओथेरपीच्या पाट्या आहेत; वाण्याची दुकाने त्यामानाने कमी. पेढीवर मांडी घालून बसणारा आमचा व्यापारी आणि पडद्यासमोर बसणारा हा संगणक अभियंता, दोघांची बैठक निराळी, पण दुखणे एकच. या दुखण्याची व्याप्तीही लहान नाही. २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाला अपंगत्वात वर्षे काढायला लावणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला आहे.

आता विश्रांतीचे पाहू. आपल्याकडे कंबर धरली की पहिली आज्ञा सुटते ती ‘हलू नकोस’ अशी. या आज्ञेची परीक्षा चाळीस वर्षांपूर्वीच झाली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत डॉ. डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटाला २ दिवस झोपून राहायला सांगितले, दुसऱ्याला ७ दिवस. बरे होण्यात फरक पडला नाही. मात्र २ दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर आणखी कठोर परीक्षा झाली. कमरेत नुकतीच कळ आलेल्या १८६ जणांचे तीन गट केले : एकाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त एवढेच सांगितले की झेपेल तेवढे नेहमीचे काम चालू ठेवा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. सर्वांत मागे राहिला तो अंथरुणावरचा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ताज्या दुखण्यात मुद्दाम केलेला व्यायामही नेहमीच्या वावरापेक्षा सरस ठरला नाही. व्यायामाची खरी पाळी दुखणे रेंगाळल्यावर येते.

हे वाचून मी भावाला हिशेब सांगितला, की दोन दिवस जास्त होतात तिथे तू बेचाळीस दिवस पडून आहेस. त्याने लिफाफा पुढे केला. ‘‘पण भाईजी, हा फोटो खोटा आहे का?’’

फोटो खोटा नव्हता. प्रश्न तो काय सिद्ध करतो हा होता. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ माणसांचे एम.आर.आय. काढले, ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या कमरेत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली निघाली. पूर्ण निर्दोष कमर ३६ टक्क्यांचीच. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा आढळले की दुखणे नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी ३० टक्क्यांची गादी फुगलेली असते आणि ऐंशीतल्यांपैकी ८४ टक्क्यांची. म्हणजे केस पांढरे व्हावेत तसा हा प्रकार. मी भावाला म्हटले, ‘‘या इमारतीत आपल्या वयाच्या प्रत्येकाचा फोटो काढला तर निम्म्याहून अधिक जणांच्या अहवालात तुझेच वाक्य येईल. ते सकाळी खाली बाकांवर बसून गप्पा मारत असतात.’’ त्याला हे पटले नाही. पण त्या रात्री लिफाफा उशाखालून कपाटावर गेला.

पट्ट्याचा मुद्दा व्यापाऱ्यांना विशेष जवळचा, कारण आपल्या गोदामांत हमालांपासून मालकापर्यंत पट्टा बांधण्याची रीत पडू लागली आहे. अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या १६० नव्या दुकानांत, माल उचलणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर शासकीय संशोधन संस्थेने १९९६ ते १९९८ या काळात लक्ष ठेवले. काही दुकानांत पट्टा सक्तीचा, काहींत ऐच्छिक. कंबरदुखी आणि तिच्यापोटी होणारे नुकसानभरपाईचे दावे यांत पट्ट्याने काही फरक पडला नाही. औषधाचे म्हणाल तर ताज्या कंबरदुखीवर आपण सहज घेतो त्या पॅरासिटामॉलची १,६५२ जणांवर ऑस्ट्रेलियात परीक्षा झाली. गोळी घेणारे सरासरीने १७ दिवसांत बरे झाले आणि नुसती नकली गोळी घेणारे १६.

येथवरचा हिशेब सोपा होता. खरे कोडे पुढे होते, आणि ते म्हणजे दाबून, चोळून, मणका ‘बसवून’ देणाऱ्या हातांचे.

आमच्या लहानपणी घोडनदीत कोणाच्या कमरेत उसण भरली की आजी पायाळू माणसाला बोलावणे धाडी. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. तो रुग्णाच्या कमरेवर हलकेच लाथ मारी, आणि दोन-चार दिवसांत उसण जाई. आमच्या आळीत एक सुतार या कामासाठी प्रसिद्ध होता. पैसे घेत नसे, चहा घेई. आज विचार केला तर त्याच्या यशाचे गमक कळते. ताजी उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. लाथ मारा, मारू नका, किंवा लाथेच्या जागी महागडे यंत्र लावा, श्रेय त्या वेळी जे केले असेल त्याला मिळते. म्हणूनच ‘मला गुण आला’ ही साक्ष पुरेशी नसते. ज्याला ते दिले नाही त्याचे काय झाले, हेही विचारावे लागते.

हाताने उपचार करण्याची विद्या जगभर आहे. आपल्याकडे हाडवैद्य, अमेरिकेत १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी मणके हाताने हलवून उपचार करण्याचा ‘कायरोप्रॅक्टिक’ नावाचा पंथच काढला. आपल्या देशात शास्त्रशुद्ध फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले, पोलिओची साथ हे त्याचे निमित्त. पुण्यात पद्मविभूषण डॉ. कांतिलाल संचेती यांच्या संस्थेने अस्थिरोग रुग्णालयाच्या जोडीने फिजिओथेरपीचे महाविद्यालयही उभे केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. एवढी प्रतिष्ठा लाभलेल्या या हातांची पत किती, हे पाहण्यासाठी मी ज्या चाचणीवर सर्वांत जास्त वेळ घालवला ती ब्रिटनमधली, २००४ ची.

तिथे १८१ दवाखान्यांतून १,३३४ रुग्ण घेतले. सर्वांना सामान्य डॉक्टरची उत्तम देखभाल मिळाली. काहींना त्याशिवाय व्यायामाचे वर्ग, काहींना हाताने मणक्यांवरचे उपचार, आणि काहींना आधी हाताचे उपचार व मग व्यायाम. दुखण्याने रोजच्या कामात किती अडचण येते, हे २४ गुणांच्या प्रश्नावलीने मोजले. तीन महिन्यांनी, केवळ देखभाल मिळालेल्यांच्या तुलनेत, व्यायामवाले १.४ गुणांनी पुढे, हाताच्या उपचारांचे १.६ ने, आणि दोन्ही मिळालेले १.९ ने. वर्षानंतर व्यायामवर्गांचा लाभ उरला नाही, हाताच्या उपचारांचा १.० उरला, आणि दोन्हींचा १.३.

आकडे पाहून निराशा होईल. मलाही झाली. २४ पैकी दोनही नाहीत! पण कर्जाच्या अहवालात जसे मोठे आश्वासन पाहिले की मी सावध होत असे, तसाच इथे लहान पण प्रामाणिक आकडा पाहून माझा विश्वास बसला. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. हाताच्या उपचारांना अगदीच शून्य किंमत नाही. आणि ते पुढच्या हालचालीचे दार उघडायला वापरले तर अधिक फळतात. २०१९ मध्ये ४७ चाचण्यांची आणि ९,२११ रुग्णांची एकत्रित छाननी झाली. तिचा निष्कर्षही असाच की रेंगाळलेल्या कंबरदुखीत मणक्यांवरचे हाताचे उपचार हे व्यायामासारख्या मान्य उपचारांच्या बरोबरीचे आहेत, वरचढ नाहीत.

मात्र ‘मणका सरकला होता, तो बसवला’ ही भाषा टिकत नाही. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी, ज्यांचा कमरेखालचा सांधा हाताने ‘बसवला’ होता अशा दहा जणांची अत्यंत सूक्ष्म क्ष-किरण मोजणी उपचाराआधी आणि नंतर केली. तपासणाऱ्यांच्या हाताला फरक जाणवत होता. मोजणीत हाड जागचे हललेले नव्हते. आणि तो ‘कट्ट’ आवाज, ज्यासाठी माणसे खास पैसे मोजतात, तो हाड बसल्याचा नव्हे. २०१५ मध्ये कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात बोटे ओढून मोडताना सांध्याची एम.आर.आय. चलतफीत घेतली, सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना तो आवाज येतो, असे त्यात दिसले. मग गुण कशाने येतो? आखडलेले स्नायू सैल होतात, मेंदूकडे जाणारी वेदनेची ग्वाही काही काळ मंदावते, आणि कोणीतरी जाणत्याने हात लावला याचा धीरही मिळतो. काही तासांची, काही दिवसांची ही मुदत आहे. बँकेच्या भाषेत याला अल्प मुदतीचे कर्ज म्हणतात. अडचणीच्या वेळी ते जरूर घ्यावे. मात्र त्यावर घर चालवू नये.

भावाने नेमके तेच केले होते. हिंजवडीला येण्याआधी एका केंद्राने त्याला तीस बैठकांचे ‘पॅकेज’ आगाऊ पैसे घेऊन विकले होते. रोज कमर ताणणारे यंत्र, रोज शेक, रोज कमरेवर विजेचे तरंग. अकरा बैठकांनंतर त्याने जाणे सोडले, पैसे अर्थात गेले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवरची आपली पहिली मार्गदर्शिका काढली. तीत रुग्णशिक्षण, व्यायाम, मणक्यांवरचे हाताचे उपचार, मालिश, मानसिक समुपदेशन आणि सूज उतरवणारी काही औषधे यांना अटींसह मान्यता आहे. ताण देणारी यंत्रे, पट्टे, ध्वनिलहरींचा शेक आणि विजेचे तरंग नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. अफूवर्गीय वेदनाशामकांनाही नकार आहे. भावाच्या पॅकेजची एकेक बाब मी या यादीशी ताडून पाहिली. मान्यताप्राप्त अशी त्यात फक्त मालिश होती, तीही शेवटची पाच मिनिटे.

व्यायामाच्या बाजूने पुरावा किती? २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २४९ चाचण्या एकत्र तपासल्या. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना शंभरपैकी सुमारे १५ गुणांनी कमी झाली. कोणता व्यायाम, यावर मात्र भांडण नको. पोहणे, स्नायूंना बळ देणे, ताणाचे प्रकार, योग, सर्वांची फळे जवळपास सारखीच येतात. जो रोज होईल तो बरा.

योगाचा विषय निघाला की पुणेकराला थांबवत नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर शिकवण्यासाठी. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांनी पत्नीच्या नावे रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभारली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांचा आधार देऊन दुखऱ्या, वयस्क, आखडलेल्या शरीरालाही आसन करता यावे, ही त्यांची खास देणगी. ही पद्धत घेऊन अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात दोन चाचण्या झाल्या. पहिली २००५ मध्ये ६० जणांवर १६ आठवडे, दुसरी २००९ मध्ये ९० जणांवर २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा दीड तास. योग करणाऱ्यांची वेदना, अडचण आणि उदासी कमी झाली आणि वर्ग संपल्यानंतर सहा महिन्यांनीही लाभ टिकून होता. संख्या लहान आहे, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे २०१७ मध्ये बोस्टनमध्ये ३२० जणांवर, बहुतेक कमी उत्पन्नाच्या लोकांवर, झालेल्या चाचणीत योगाचा वर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर मॉडेल कॉलनीत जे घडले ते मला अमेरिकेच्या मार्गाने कळावे, याची थोडी शरम वाटली.

आणि चालणे. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी विद्यापीठाने ७०१ माणसे घेतली, ज्यांची कंबरदुखी नुकतीच बरी झाली होती. हे दुखणे परत येते हीच त्याची खोड. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने सहा महिन्यांत सहा भेटींत हळूहळू चालणे वाढवायला शिकवले. लक्ष्य आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास. निम्म्यांना काही नाही. २०२४ मध्ये निकाल आला : न चालणाऱ्यांचे दुखणे मध्यमानाने ११२ दिवसांनी परतले, चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी. कोणी म्हणेल, आपल्या साधु-साध्वींचा विहार ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगायला ऑस्ट्रेलिया कशाला हवी? पण विहार करणाऱ्यांनाही कंबरदुखी होते. मी स्वतः वयोवृद्ध साध्वीजींना कमरेवर हात ठेवून पायरी चढताना पाहिले आहे. चालल्याने दुखणे परतायचे थांबत नाही. त्याची पाळी लांबते, इतकेच चाचणी सांगते.

खर्चाचा आकडा दिल्याशिवाय माझे समाधान होणार नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत ३२१ जणांची तुलना झाली : एका गटाला फिजिओथेरपी, दुसऱ्याला कायरोप्रॅक्टिकचे हात, तिसऱ्याला फक्त एक माहितीपुस्तिका. दोन वर्षांचा दरडोई खर्च अनुक्रमे ४३७, ४२९ आणि १५३ डॉलर. दुखण्यातला फरक मात्र नावापुरता. पुस्तिकेच्या गटाला समाधान कमी वाटले, एवढेच.

आता भावाकडे वळतो. आमच्या सोसायटीसमोर एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी बसते. तिने आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का, जांघेत बधिरता आहे का, पायातली ताकद कमी झाली आहे का, ताप, वजन घटणे, कर्करोगाचा इतिहास, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पडल्याचा मार? यांपैकी काही असेल तर तिच्याकडे नव्हे, तातडीने डॉक्टरांकडे जायचे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. आमच्या वयाच्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यांच्या मणक्यांना झटका देणे धोक्याचे, हेही तिनेच सांगितले. भावाच्या बाबतीत असे काही नव्हते.

मग तिने चार दिवस हाताने उपचार केले. चौथ्या दिवशी भाऊ सहा आठवड्यांत पहिल्यांदा वाकून पायातले मोजे काढू शकला. पाचव्या दिवशी तिने हात लावायचे नाकारले. ‘‘काका, आजपासून तुम्ही करायचे, मी बघणार.’’ भाऊ घरी येऊन फणफणला. ‘‘पैसे मी देतोय ना? मग दाबून द्यायला हिचे काय जाते?’’ मी हसलो, कारण धंद्यात आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारी ती पहिलीच व्यक्ती त्याने पाहिली होती. दोन दिवस तो गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला. ‘‘बडे पापा, पप्पांना सांगू नका, पण या वेळी परीक्षेला बसत नाही मी.’’ मी ते भावाला सांगितले. सांगायला नको होते, पण सांगितले. तो काही बोलला नाही. संध्याकाळी चपला घालून खाली उतरला आणि सोसायटीच्या आतल्या रस्त्याला दोन फेऱ्या मारून आला. वर आला तेव्हा घामाघूम होता आणि भीतीने चेहरा उतरला होता. दुखले, पण काही मोडले नाही.

पुढचे पाच आठवडे सरळ रेषेत गेले नाहीत. एक दिवस बरा, दोन दिवस वाईट. पट्टा तिसऱ्या आठवड्यात सुटला. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कमर उचलणे, हातापायांवर उभे राहून पाठ वर-खाली करणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, असे पाच-सहा प्रकार. आणि चालणे दहा मिनिटांपासून पस्तीस मिनिटांपर्यंत. त्याची एक मोठी खंत होती, की आता सामायिक खुर्चीवर बसून करावे लागणार, तेही कायमचे. त्या मुलीला सामायिक म्हणजे काय हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘सध्या खुर्चीवर बसा. पण जमिनीवर बसणे वाईट नाही. पाच मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडे वाढवा.’’ ‘कायमचे बंद’ हे शब्द तिने एकदाही वापरले नाहीत. त्याआधी ज्यांच्याकडे तो गेला होता, त्यांनी मात्र पहिल्या दहा मिनिटांत तेच वापरले होते.

पुतण्या सप्टेंबरअखेर पुण्याच्या खोलीवर परतला. भाऊ नवरात्रात घोडनदीला गेला. दुकानात त्याने एक बदल केला : वरचे जड तागे खालच्या फळीवर आणले आणि स्वतःला नियम घातला, की अर्ध्या तासाच्या वर गादीवर राहायचे नाही, उठून स्वतः गिऱ्हाइकाला कापड दाखवायचे. नोकर म्हणतात, शेठ आता फार मध्ये मध्ये येतात. दिवाळीचे मुहूर्ताचे वहीपूजन त्याने खाली बसून केले, पाठीशी लोड घेऊन. दुखणे पूर्ण गेलेले नाही. सकाळी उठल्यावर कमर आखडलेली असते आणि लांबचा मोटारप्रवास त्याला अजून जड जातो.

जानेवारीत एका सकाळी त्याचा फोन आला. ‘‘भाईजी, परत आली बघा कळ. काल लग्नाला गेलो होतो, चार तास खुर्चीवर.’’

मी विचारले, ‘‘मग आज झोपून आहेस का?’’

‘‘नाही. घोडनदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. आता दुकान उघडून बसलोय, म्हणजे, उभा आहे.’’